पाठीतली शेगडी

बाळाचं वजन वाढत नाही असं कळलं की तुमची नजर सगळ्यात आधी कुणाकडे वळते?

उत्तर द्यायची तसदी घेऊ नका. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी आलेल्या प्रत्येक माणसाची नजर मी पाहिली आहे. आधी पाळण्याकडे, मग माझ्या वहिनीच्या छातीकडे. आणि मग तो प्रश्न, आवाज खाली आणून, जणू आवाज खाली आणला की अपमान कमी होतो: “दूध पुरतं ना गं?”

हे ओमानमधल्या इब्रा गावातलं सांगते आहे. मी इथल्या एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवते. माझा दादा माझ्या आधीपासून इथे आहे, एसी बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. दुकानांच्या रांगेवर त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि मी शाळेच्या जवळ, दुसऱ्या दोन शिक्षिकांबरोबर राहते. शुक्रवार मात्र दादाकडे. वहिनी मला गमतीने “वन्सं” म्हणते, कारण तिच्या मते हा शब्द उच्चारला की मी चिडते. ते खरं आहे.

त्यांची मुलगी जून महिन्यात, तारखेच्या बरीच आधी जन्मली. काही दिवस इस्पितळात काचेच्या पेटीत होती. घरी पाठवताना नर्सने बजावून सांगितलं की बाळाला उबेत ठेवा, अंगाशी धरा, थोडंथोडं पाजत राहा. दादाने मान डोलावली आणि गाडीत बसल्यावर हसत सुटला.

“ओमानात बाळ गरम ठेवा म्हणे! ह्या बाईंना भर दुपारी माझ्याबरोबर गच्चीवर पाठवा. आपोआप गरम राहतील.”

आम्ही सगळेच हसलो. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं.

दादाने घरी तयारी करून ठेवली होती. बाळाच्या खोलीत नवा कोरा स्प्लिट एसी, त्याने स्वतः बसवलेला, नळीचं एकेक वळण मापात. बाजारातला सगळ्यात भारी. आणि पाळणा त्याने मुद्दाम अशा जागी ठेवला होता, की वारा सरळ त्यावर उतरावा. या माणसाने कित्येक उन्हाळे लोकांच्या गच्च्यांवर काढले आहेत. तापलेल्या पत्र्याला हात लागून फोड आलेले त्याचे तळवे मी पाहिलेत. त्याच्या लेखी उकाडा हा एकच शत्रू होता आणि त्या शत्रूला तो ओळखून होता. “माझ्या पोरीला एक घामोळं येणार नाही,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

वहिनीची आई, जिला मी मावशी म्हणते, बाळंतपणासाठी गुहागरकडून आली होती. तिने बुधवारच्या बायकांच्या बाजारातून मऊ सुती कापड आणलं आणि हाताने कुंची शिवली. डोकं झाकणारी, मानेवरून पाठीवर खाली उतरणारी, हनुवटीखाली बंद. सोबत तिची दुसरीही मागणी होती.

“जावईबापू, दोन निखारे मिळाले तर बघा की. खोलीत नको हवं तर, दारात ठेवू.”

“आई, इथे धूर झाला की बिल्डिंगचा अलार्म वाजतो. आमचा मालक, तो अर्बाब, मला त्याच दिवशी कामावरून खलास करेल.”

“मग कुंची तरी?”

“कुंची?” दादा म्हणाला. “बाबांना कळलं तर मला घरात घेणार नाहीत.”

आता बाबांबद्दल सांगायला हवं. आमचे बाबा पत्रकं काढतात. अजूनही काढतात. भानामती, अंगात येणं, साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेणं, लग्नातला मानपान, या सगळ्यांविरुद्ध. एसटी स्टँडवर आणि जत्रेत उभे राहून ते वाटतात. आमचं लहानपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. शाईचा वास म्हणजे मला घराचा वास वाटतो. त्यांचं एक पत्रक बाळंतिणीच्या खोलीबद्दल होतं. दारं-खिडक्या बंद, आत शेगडी, वर धुरी, आणि त्या धुरात बाळ. आमच्या वाडीत एक बाळ तशा खोलीत गुदमरलं होतं, म्हणून त्यांनी ते लिहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य आम्हा दोघांना अजून पाठ आहे: “बाळाला कोंडू नका, गुंडाळू नका, मोकळी, थंड हवा हा त्याचा हक्क आहे.” वर चित्र होतं. कुंची घातलेलं बाळ आणि त्यावर जाड काट.

तर दादाने कुंची कपाटात ठेवली. अंधश्रद्धा म्हणून. मला आज याचा राग येतो, पण त्या दिवशी मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आमच्या घरात लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही दिसलं नसतं.

मग वजन वाढेना.

पहिल्या तपासणीला वाढलं नाही, तेव्हा मावशीने अळिवाचे लाडू केले. दुसऱ्या तपासणीला पुन्हा काटा तिथेच, तेव्हा मेथी आली, शतावरी आली, कुणीतरी मस्कतहून डिंक पाठवला. खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या चाची खारकांची खीर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “कमी पडत असंल तर लाजू नको बाय, सांगायचं.” अर्बाबची बायकोही आली, मोठ्या मायेने, हलव्याचा डबा आणि मेथीदाण्याचा काढा घेऊन. तिने वहिनीकडे बोट दाखवून “हलीब” म्हटलं आणि बोटांनी थोडंसं असं दाखवलं. हलीब म्हणजे दूध. दोन देशांच्या बायका, दोन भाषा, आरोप तोच.

सगळ्यात वाईट म्हणजे मावशी. स्वतःची आई. “आमच्याकडे कुणाला कधी कमी पडलं नाही हो,” असं ती माझ्यासमोर म्हणाली, आणि वहिनीने लाडवाची ताटली हळूच बाजूला सरकवली. त्या आठवड्यात दादाने पावडरच्या दुधाचा डबा आणला. कुणाला दोष न देता, गुपचूप, ओट्यावर ठेवून कामाला निघून गेला. तो डबा बघून वहिनी जे रडली ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या शुक्रवारी मी गेले तेव्हा बाळ पाळण्यात होतं. एवढंसं झबलं, पाय उघडे. एसीचा वारा पाळण्याच्या जाळीवर फडफडत होता. मी पायाला हात लावला. पाय गार होता, फ्रिजमधून काढलेल्या काकडीसारखा. पोट गार. मग मी तिला उचलून खांद्याशी धरलं आणि माझा हात तिच्या पाठीवर, खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये पडला. तिथे ऊब होती. तेवढीच, टीचभर.

 ती जागा मला माहीत होती.

इथे येण्याआधी एका प्रयोगशाळेत मी उंदरांच्या गर्भांचे पातळ काप करत असे. तिथला प्रश्न असा होता की ऊब तयार करणारी चरबी येते कुठून. चरबी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पोटाची वळी येते. ती पांढरी चरबी, साठा करून ठेवणारी. दुसरी चरबी तपकिरी असते. तिच्या पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात, तंतुकणिकांतल्या लोहामुळेच तिला तो रंग येतो. तिचं काम साठवणं नाही, जाळणं. ती मेद जाळते आणि त्यातून सरळ उष्णता काढते. गंमत अशी की पाठीतली ही चरबी पोटावरच्या चरबीच्या कुळातली नाहीच. गर्भात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पेशींचे छोटे ठोकळे तयार होतात. त्यांतल्याच काही पेशींपासून पाठीचे स्नायू होतात, आणि त्यांच्याच सख्ख्या बहिणींपासून तपकिरी चरबी. बऱ्याच काळपर्यंत त्या पेशीचं काहीच ठरलेलं नसतं. ती स्नायू होऊ शकते, चरबी होऊ शकते. मग एका प्रथिनाचा इशारा मिळतो आणि वाट ठरते. एक भावंड थंडी वाजली की थरथरतं, दुसरं न हलता भट्टी पेटवतं.

नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याला ही भट्टीच वाचवते. मानेपाशी, खांद्याच्या पात्यांमध्ये, मूत्रपिंडांभोवती. पण ती भरते मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. जे बाळ लवकर येतं ते अर्धवट भरलेली शेगडी घेऊन येतं.

हे मी वर्गात शिकवलं होतं. आवडीने, फळ्यावर चित्र काढून. तास संपल्यावर एकच प्रश्न आला: “मिस, हे फॅट वाढवायला आईस बाथ घ्यायचा का? माझे पप्पा घेतात, पोट कमी करायला.” सगळ्या जगाने या पेशींचं एवढंच करून ठेवलंय. भरल्या पोटाच्या माणसांना बारीक व्हायचा नवा उपाय. जिच्या जिवावर बेतलं आहे ती टीचभर मुलगी कुणाच्या रीलमध्ये नाही.

मी दादाला हाक मारली. तो चहा घेऊन आला.

“दादा, बाळ गार पडलंय. एसीचा आकडा वर घे, वारा फिरव, हिला कुंची घाल. ही जे दूध पिते ते सगळं ऊब करण्यात जळतंय. अंगाला लागणार कुठून?”

“वीसवर आहे फक्त. मॉलमध्ये याहून गार असतं.”

“मॉलमध्ये कोण जन्मलंय? पायाला हात लाव.”

“बाळांचे पाय गारच असतात.”

“आणि पोट?”

त्याने कप खाली ठेवला. “तुझे ते उंदीर. त्यांना पण थंडीतच ठेवायचे ना तुम्ही?”

“हो, आमच्या सरांचे होते गार खोलीत. भट्टी पेटते का बघायला. ते बकाबका खायचे आणि तरी वाढायचे नाहीत. ही किती खाणार? हिला चोखायचीसुद्धा ताकद नाही.”

मावशी लगेच उठली. “मी काय सांगत होते? निखारे...”

“निखारे नाही मावशी!” मी जवळजवळ ओरडलेच. “धुराने मरतात बाळं. ते बाबांनी बरोबर लिहिलंय.”

“बघ!” दादाने तिथेच मला पकडलं. “बाबांनी बरोबर लिहिलंय. मोकळी, थंड हवा. घड्या तूच घालायचीस ना? आता काट मारलेली कुंची तूच घालायला सांगतेस.”

 मग त्याने फोनच लावला. पडद्यावर बाबा दिसले, पडवीत, चष्मा कपाळावर. दादाने सगळं सांगितलं. तसं प्रामाणिकपणे सांगितलं, माझी बाजूही सांगितली. बाबांनी ऐकून घेतलं.

“वाक्य बरोबर आहे,” ते म्हणाले.

“बाबा, बाळ गार पडलंय.”

“वाक्य धुराबद्दल होतं.” पुढे म्हणाले, “तेव्हा आपल्याकडे एसी कुठे होता?”

“मग तसं सांगा ना याला! चुकीचं नाही, अपुरं आहे म्हणा.”

“तू लिही. पुराव्यानिशी लिही. मी वाचून बघतो, मग दुरुस्ती काढू.”

फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ज्या माणसाने मला प्रश्न विचारायला शिकवलं, तो एका गारठलेल्या मुलीच्या पाळण्याशेजारी मसुदा मागत होता. आणि दादा असा बघत होता, जणू निकाल त्याच्या बाजूने लागलाय.

हे सगळं चालू असताना वहिनी दारात उभी होती. तिच्याशी यातलं एक वाक्यही कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. ती आत आली, कपाटातून कुंची काढली, माझ्या खांद्यावरून बाळ घेतलं.

“वन्सं, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या.”

तिथे एसी नाही. ती प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली, बाळाला कुंची घातली, गाऊनची बटणं काढून तिला उघड्या छातीशी धरलं आणि वरून ओढणी घेतली. थोड्याच वेळात वहिनीच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला, हनुवटीवरून ठिबकायला लागला. तेही बरोबर नव्हतं. इतक्या उकाड्यात लहान बाळाला फार वेळ ठेवणं धोक्याचंच, मी तिला ते सांगितलं आणि मधल्या दाराची फट उघडी ठेवली. पण बाळाला अंगाशी धरणं, हे नर्सने सांगितलेलं, पहिल्यांदा कुणीतरी करत होतं. मी बाळाचे पाय चाचपत राहिले. हळूहळू ते पाय पायांसारखे झाले. बाळाने तोंड उघडून डोकं हलवलं, शोधलं, आणि पकडलं. वहिनीने डोळे मिटले.

फटीतून मला दादा दिसत होता. आधी तो नुसता उभा होता. बायको घामाने निथळत स्वयंपाकघरात बसली आहे आणि त्याचा बाजारातला सगळ्यात भारी एसी रिकाम्या पाळण्यावर वारा घालतोय. मग त्याने कामाच्या पिशवीतून तापमान मोजायचं यंत्र काढलं, लांब वायरवालं, आणि वायरचं टोक पाळण्यातल्या दुपट्यावर ठेवलं. रिमोटवर वीस होते. सरळ उतरणाऱ्या वाऱ्यात यंत्रावरचा आकडा मात्र उतरत गेला आणि सोळावर थांबला.  ग्राहकाकडे हा आकडा दिसता तर दादा खूश झाला असता.

त्याने पाळणा भिंतीकडे ओढला, एसीचा आकडा वर घेतला, वाऱ्याच्या पट्ट्या छताकडे वळवल्या.  दार उघडून फक्त म्हणाला, “यल्ला, चला, चप्पल घाला. दवाखान्यात जाऊ.”

इस्पितळात बाळाचं अंग गार निघालं. त्यांनी तिला ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, पाळणा कुठे आहे, एसी कुठे आहे. “मी लावलाय,” दादा म्हणाला, आणि पुढे काही विचारायची गरज पडली नाही. मग त्यांनी वहिनीला विचारलं, दूध कसं येतंय. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, आता इथेही.

“येतंय,” मी म्हणाले. “पहिल्यापासून येतंय.”

हे इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

बाळ घरी आलं, वजन चढायला लागलं. पण मधल्या काळात वरचं दूध सुरू झालेलं, बाळ अंगावर कमी लागलेलं, रडण्यात आणि लाजण्यात गेलेले दिवस. तोपर्यंत वहिनीचं दूध खरोखरच कमी झालं होतं. इतके दिवस जे खोटं होतं ते सगळ्यांनी म्हणून म्हणून खरं करून दाखवलं. ती अजून दोन्ही मिळून पाजते. त्यात वाईट काही नाही, बाळ वाढतंय. पण पुन्हा तेच लोक आले, बाळाचे गाल बघून खूश झाले आणि ओट्यावरच्या डब्याकडे बघून म्हणाले, “बघ, डबा सुरू केलास आणि कशी भरली!”

मी दर वेळी सांगायला लागले. भट्टी, पाठ, वारा, सोळा. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि डब्याचं नाव विचारतात. मावशी गुहागरला फोनवर सांगताना म्हणाली, “डब्यावर आली हो पोर.” दादाने बाळाच्या खोलीत वायरवालं यंत्र कायमचं टांगलं आहे, दिवसातून कितीदा तरी बघतो. पण बायकोला “तुझं काही चुकलं नव्हतं” एवढं वाक्य तो अजून बोललेला नाही. बाबांना मी लिहून पाठवलं, पुराव्यानिशी. त्यांनी शुद्धलेखन तपासून परत पाठवलंय. चित्रावरची काट काढायची की नाही, यावर अजून विचार चालू आहे म्हणे.

एकदा मी अशीच कुणाशी तरी वाद घालून धापा टाकत बसले होते. वहिनी बाळाला कुंची घालत होती. बंद बांधून झाल्यावर म्हणाली, “राहू द्या वन्सं. तुमच्या त्या पेशी कुणाला दिसत नाहीत. डबा दिसतो. मी दिसते.”

 म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही लवकरच कुठल्यातरी घरी बाळ बघायला जाणार आहात. मस्कतला, सूरला, पुण्याला, कुठेही. बारशाची भेट पिशवीत असेल. आत गेल्यावर आधी खोलीतला वारा कुठे उतरतो ते बघा. हात धुवा आणि आईला विचारून बाळाच्या पावलाला, पोटाला हात लावा. पोट गार लागलं तर कुणाची वाट न बघता तिला बाळाला छातीशी धरायला सांगा, आणि घरच्यांना डॉक्टरकडे जायला लावा. आणि “दूध पुरतं ना?” हा प्रश्न तोंडाशी येईल तेव्हा तो गिळा. तुमच्याआधी कुणी तो विचारलेला असेल, तर तिच्या सासरच्या माणसांसमोर, मोठ्याने, तिला सांगा की तुझं काही चुकलेलं नाही.